पावसाच्या रेषेवर जंगल मांडणारा माणूस : डीट्रिश ब्रँडिस

एप्रिल महिन्यातलं उपग्रहचित्र उघडा आणि नकाशा सरकवत जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात या. खाली गोदावरी, थोडं वर अंकुशनगर. साखर कारखान्याची शेड आणि चिमणीची सावली ओळखू येते. आजूबाजूला काय दिसतं? हिरवंगार. मराठवाड्यातला एप्रिल आणि हिरवंगार! ज्याला हा भाग माहीत नाही तो म्हणेल, इथे चांगलं दाट रान असणार.

माझा तसाच गोंधळ झाला होता. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकताना मी सरावासाठी आपल्याच भागाचा वनस्पती-नकाशा करायला घेतला. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातून हिरवेपणाचा निर्देशांक काढला. तो काढणं सोपं असतं. पान जिवंत असलं की लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. या दोन आकड्यांतला फरक त्यांच्याच बेरजेनं भागला की वजा १ ते १ यांच्यामधली एक संख्या मिळते. जितकी मोठी, तितकं हिरवं. अंकुशनगरभोवती ती भरपूर आली. मग मी दुसरा थर चढवला, हवामान खात्याच्या पावसाच्या सरासरीचा. त्यात ७६२ मिलिमीटरची, म्हणजे ३० इंचांची रेषा काढली, तर आमचा भाग तिच्या कोरड्या बाजूला पडला. जालना जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर. एक थर म्हणतो रान आहे, दुसरा म्हणतो असूच शकत नाही.

हिरवं काय होतं ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ऊस! पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावरचा आणि विहिरींवरचा. पण ही ३० इंचांचीच रेषा का घ्यायची, हे शोधत मी ज्या माणसापर्यंत पोचलो तो १९०७ सालीच वारला. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्याचं नाव एका ओळीत येतं: भारताचा पहिला वन महानिरीक्षक, १८६४. तिथे नाव बहुतेक डायट्रिच असं छापतात. जर्मन उच्चार डीट्रिशच्या जवळ जातो. पाठ करून सोडून देण्यासारखा हा माणूस नाही.

वनस्पतींचा भूगोल

डीट्रिश ब्रँडिस ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतल्या बॉन शहरात जन्मला. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाचे सल्लागार म्हणून ते काही काळ अथेन्सला गेले, तेव्हा पोरगाही बरोबर होता. पुढे त्यानं वनस्पतिशास्त्र घेतलं आणि इथे त्याचं नशीब जोरावर होतं. कोपनहेगनला त्याला शाउ हे गुरू मिळाले, ग्योटिंगेनला ग्रिझेबाख. ही दोन्ही माणसं त्या काळात नव्यानं उभ्या राहत असलेल्या वनस्पती-भूगोलातली मोठी नावं.

वनस्पती-भूगोल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. त्याआधीचे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाला नाव द्यायचे, त्याचं कूळ ठरवायचे. हुम्बोल्टनं दक्षिण अमेरिकेतले डोंगर चढताना पाहिलं की पायथ्याची झाडं वेगळी, मधली वेगळी, बर्फाजवळची वेगळी, आणि ही अदलाबदल उंची आणि तापमानाच्या हिशेबानं होते. मग प्रश्नच बदलला. हे झाड कोणतं, याच्या पुढे जाऊन हे झाड इथेच का, असं लोक विचारू लागले. शाउनं या विचारावर जगाचे नकाशे काढले. ब्रँडिस त्या वर्गात बसलेला विद्यार्थी. १८४९ पासून तो बॉनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. आयुष्य तिथेच गेलं असतं.

भारतात तो आला तो सोयरिकीमुळे. १८५४ मध्ये त्यानं रेचेल या विधवेशी लग्न केलं. ती बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांपैकी जोशुआ मार्शमन यांची मुलगी. तिची बहीण हॅवलॉक या इंग्रज सेनाधिकाऱ्याला दिलेली. त्या ओळखीतून ब्रँडिसचं नाव गव्हर्नर जनरल डलहौसीपर्यंत गेलं आणि १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांचा अधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. वनाधिकारी म्हणून शिक्षण शून्य! पण झाड तिथेच का उगवतं, हा प्रश्न डोक्यात पक्का होता.

चाकू, बांबू आणि हत्ती

पेगूमध्ये सागवान किती आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. व्यापारी म्हणत, अमाप आहे, तोडू द्या. सरकारला भीती की संपेल. जंगल एवढं मोठं की एकेक झाड मोजायला माणसाला चार जन्म लागले असते.

ब्रँडिसनं युक्ती काढली ती आज आपण नमुना-पाहणी म्हणतो तीच. जंगलातून एक वाट धरायची, हत्तीवर बसून तिनं सरळ जायचं आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दिसणारी सागाची झाडं मोजायची. घेरानुसार झाडांचे चार वर्ग केले. पण भर पावसाळी रानात, हलत्या हत्तीवर, ओल्या कागदावर लिहिणार कसं? त्यानं जवळ बांबूचे तुकडे ठेवले, वर्गागणिक वेगळे. झाड दिसलं की त्या वर्गाच्या तुकड्यावर चाकूनं खाच. संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर खाचा मोजायच्या आणि मग वहीत उतरवायच्या. चाललेलं अंतर माहीत, पट्ट्याची रुंदी माहीत, म्हणजे पट्ट्याचं क्षेत्रफळ आलं. त्यातल्या झाडांवरून अख्ख्या जंगलाचा अंदाज.

मला ही गोष्ट वाचून मोठी मजा वाटली, कारण आजही उपग्रहाच्या नकाशाला जमिनीवरची साक्ष लागतेच. संगणकाला सांगावं लागतं की बाबा, या बिंदूवर मी उभा होतो आणि इथे बाभूळ होती, त्या बिंदूवर ऊस होता. ते बिंदू दिले नाहीत तर संगणकाला दोन्ही सारखेच हिरवे. ब्रँडिसच्या बांबूवरच्या खाचा म्हणजे असलेच बिंदू.

चार वर्ग केले त्यामागेही हिशेब होता. लहान झाड मोठ्या वर्गात जायला किती वर्षं घेतं हे कळलं, की दरवर्षी नव्यानं तयार होणाऱ्या मोठ्या झाडांएवढीच तोड करायची. मुद्दल ठेवायचं, व्याज खायचं. व्यापाऱ्यांना हे रुचलं नाही, पण ब्रँडिस टिकला.

रूळ, स्लीपर आणि एक नकाशा

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देशभर रूळ पसरले. रुळाखाली लाकडी स्लीपर, इंजिनात जळाऊ लाकूड. साग, साल, देवदार झपाट्यानं तुटू लागले. १८६२ मध्ये ब्रँडिसला ब्रह्मदेशातून बोलावून घेतलं आणि १८६४ मध्ये नव्या वनखात्याचा प्रमुख केलं. रेचेल १८६३ मध्येच वारली होती. तिच्यामुळे तो पूर्वेकडे आला आणि खातं उभं राहिलं तेव्हा ती नव्हती. पुढची एकोणीस वर्षं तो प्रांतामागून प्रांत फिरत होता.

फिरताना त्याची अडचण अशी की ब्रह्मदेशात एकच झाड मोजायचं होतं, इथे सगळा देश. सिंधमध्ये वाळू आणि बाभळी, हिमालयात देवदार, मलबारात सदाहरित रान, दख्खनवर काटे. एकच नियम सगळीकडे कसा लावणार? तेव्हा विभाग पाडणं आलं. विभाग पाडायचे कशावर? प्रांतांच्या सरहद्दींवर नाही, झाडांच्या यादीवरही नाही. त्यानं पाऊस घेतला.

१८७२ मध्ये भारतातल्या जंगलांच्या विभागणीवर त्याचा निबंध नकाशासह प्रसिद्ध झाला. हे साल लक्षात ठेवा: भारताचं हवामान खातं त्यानंतर तीन वर्षांनी, १८७५ मध्ये स्थापन झालं. म्हणजे त्याच्या हाती ठिकठिकाणच्या पर्जन्यमापकांच्या विखुरलेल्या नोंदी होत्या, आजच्यासारखे पंचवीस-पंचवीस किलोमीटरच्या चौकोनांत बसवलेले तयार आकडे नव्हते. त्यावर त्यानं रेषा ओढल्या. १५ इंचांखालचा पाऊस म्हणजे रुक्ष प्रदेश. तिथे नदीकाठ सोडला तर जंगल नाहीच. १५ ते ३० इंच हा कोरडा प्रदेश, आणि हा प्रदेश त्याला देशात दोन जागी दिसला. एक वाळवंटाभोवतीचा उत्तरेकडचा, आणि दुसरा सह्याद्रीच्या आडोशाला, नाशिकपासून थेट कन्याकुमारीपर्यंत गेलेला. भरघोस रान म्हणावं ते याच्या कितीतरी वर, खूप पाऊस पडणाऱ्या पट्ट्यांत.

तो दुसरा पट्टा म्हणजे आपला अवर्षणप्रवण पट्टा. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथे ब्रँडिसचा हुकूम चालत नव्हता, पण पावसाच्या रेषेला संस्थानाची हद्द कळत नाही. समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे उरलंसुरलं घेऊन येतात. मराठवाड्यात येईपर्यंत पाऊस थोडा सावरतो खरा, पण ३० इंचांची रेषा काही धड ओलांडत नाही.

नुसता पाऊस पुरत नाही

इथे कुणी विचारेल की पावसाचा एक आकडा घेऊन जंगल ठरतं का? नाही ठरत. वर्षाचे ७०० मिलिमीटर बारा महिन्यांत वाटून पडले तर एक चित्र, चार महिन्यांत कोसळले तर दुसरं. पुढे विसाव्या शतकात फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गॉसेन यानं एक सुटसुटीत कसोटी दिली. महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये घ्या, सरासरी तापमान अंश सेल्सिअसमध्ये घ्या. पाऊस तापमानाच्या दुपटीहून कमी असेल तर तो महिना कोरडा. जूनचं सरासरी तापमान ३० धरलं तर ६० मिलिमीटर पाऊस हवा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने पास होतात, ऑक्टोबर काठावर, बाकीचे नापास. वर्षातले सात-आठ महिने जमीन कोरडी. आता ज्या झाडाला बारमाही पानं सांभाळायची आहेत त्यानं इथे काय करावं? म्हणून पळस पानं टाकतो, बाभूळ आणि हिवर पानं बारीक करून काटे काढतात, तरवड झुडपावरच भागवतो.

मग मातीचा नंबर येतो. तोच पाऊस गोदाकाठच्या खोल काळ्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि माळावरच्या मुरमातून आठवड्यात निघून जातो. चराई, वणवा, कुऱ्हाड हे आणखी वेगळे. म्हणून आजचे नकाशे एका थरावर काढत नाहीत. पाऊस, तापमान, उंची, उतार, माती असे थर एकावर एक ठेवून सारख्या स्वभावाचे तुकडे वेगळे काढतात.

ब्रँडिसला यातलं एक पुरतं कळलं होतं. पाणी आभाळातूनच यायला पाहिजे असं नाही. सिंधमध्ये पाऊस जवळजवळ नाही, तरी सिंधू नदीच्या पुरावर बाभळीची जंगलं उभी होती. आणि पंजाबात लाहोरजवळ चांगा मांगा इथे १८६६ पासून कालव्याचं पाणी देऊन शिसवाचं रान लावलं जात होतं, रेल्वेच्या जळणासाठी. पावसाच्या नकाशावर तिथे जंगल बसत नाही. कालव्याच्या नकाशावर बसतं. पण कालवा बंद झाला की? पुन्हा पावसाची रेषा.

हे वाचताना मला २०१२-१३ चा दुष्काळ आठवला. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलं. अंबड आणि जालना तालुक्यांतल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरचं पाणी विकत घेऊन लोकांनी झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी बुंध्यावर कुऱ्हाड चालवली. दहा-बारा वर्षांची बाग सरपण म्हणून विकताना बघणं सोपं नसतं. हिरवेपणाचा निर्देशांक आदल्या वर्षीपर्यंत त्या बागांना छान आकडे देत होता.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या भागात एका संस्थेच्या वृक्षारोपणात मीही खड्डे खणले. रोपं आली होती ती कुठल्याशा ओल्या भागातल्या नर्सरीतून. मोठ्या पानांची, दिसायला देखणी. माळावर, मुरमात लावली. फोटो झाले. मार्चपर्यंत काड्या उरल्या. मधे वाऱ्यानं बी पडून आपोआप उगवलेली दोन हिवराची रोपटी मात्र शेळ्यांनी खाऊनसुद्धा तग धरून होती. नकाशा कुणी बघितलाच नव्हता, मीही नाही.

नकाशातून वगळलेली माणसं

ब्रँडिसचं कौतुक करताना एक गोष्ट टाळता येत नाही. त्याच्या रेषांच्या आत माणसं राहत होती. ब्रह्मदेशात त्यानं करेन लोकांना त्यांच्या फिरत्या शेतीत भाताबरोबर सागाचं बी लावायला सांगितलं. ही पद्धत टाउंग्या म्हणून जगभर गेली. भात निघाला, लोक पुढच्या तुकड्यावर गेले, मागे साग राहिला, तो सरकारचा.

भारतात १८७८ चा वनकायदा होत असताना खात्यातच वाद होता. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचं म्हणणं की रान सगळं सरकारचं, गावाला मिळेल ती सवलत. ब्रँडिसचं मत मवाळ होतं. सरकारला लागेल तेवढं रान सरकारनं ठेवावं, बाकीचं गावांच्या ताब्यात, गावाचं म्हणून राहू द्यावं. युरोपातली गावकीची जंगलं त्यानं पाहिली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनंही या कायद्याला विरोध केला. झालं काय, तर ग्रामवनाचं एक कलम कायद्यात राहिलं आणि बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. पाचच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये या खात्यानं गुरांची कुरणं कशी गिळली ते लिहिलं. शेरडं-मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांना पावसाच्या रेषेचा अर्थ ब्रँडिसहून चांगला कळत होता, पण नकाशा काढताना त्यांना कुणी विचारलं नाही.

मला वाटतं, ब्रँडिस हरला असं म्हणून त्याला सोडून देणं जरा जास्तच सोयीचं आहे. खातं त्यानंच उभं केलं. १८७८ मध्येच डेहराडूनला वनशाळा निघाली ती त्याच्याच प्रयत्नांनी, आणि तिथून तयार झालेल्यांनी हाच कायदा राबवला. शिवाय कोरड्या पट्ट्यातलं गवताळ माळरान, जिथे दाट झाडी निसर्गतःच नसते, ते झाडं मोजणाऱ्या खात्याच्या नजरेत कायम पडीकच ठरलं. लांडगा, काळवीट, माळढोक यांचं घर ते. आजही माळ दिसला की आपल्याला झाडं लावायची घाई होते.

शेवटचं पुस्तक

१८८३ मध्ये तो निवृत्त होऊन बॉनला परतला, पण स्वस्थ बसला नाही. वनशास्त्र शिकणाऱ्या इंग्रज मुलांना युरोपातली जंगलं हिंडवायचा. अमेरिकेच्या वनसेवेचा पुढे प्रमुख झालेला गिफर्ड पिंशो तरुणपणी त्याच्याकडे सल्ल्याला आला होता. म्हातारपणी त्यानं भारतातल्या झाडाझुडपांचा मोठा ग्रंथ हाती घेतला, 'इंडियन ट्रीज'. तो १९०६ मध्ये आला तेव्हा ब्रँडिस ८२ वर्षांचा होता. २८ मे १९०७ रोजी तो बॉनमध्ये वारला.

त्यानं मांडलेलं काम पुढे हॅरी चॅम्पियननं १९३६ मध्ये बारकाईनं केलं आणि १९६८ मध्ये सेठ यांच्याबरोबर सुधारून छापलं. भारतातली जंगलं त्यांनी १६ मोठ्या गटांत बसवली. भारतीय वन सर्वेक्षण संस्था आजही उपग्रहाचे नकाशे करताना हीच विभागणी वापरते. गट ५ म्हणजे कोरडी पानझडी वनं, गट ६ म्हणजे काटेरी वनं. आमचा भाग या दोन्हींच्या शिवेवर. कागदावरच्या या शिवेवर प्रत्यक्षात काय उगवलंय ते बघायला मी मागच्या हिवाळ्यात कारखान्याच्या रस्त्यापासून माळाकडे सरळ रेषेत चालत निघालो. मोबाइलवर जीपीएस लावून प्रत्येक झाडाचा बिंदू टाकत होतो: कडुनिंब, बाभूळ, बोर, बाभूळ, हिवर. जास्त करून वेडी बाभूळच, जी मूळची इथली नाहीच. दुपारी बॅटरी संपली. पुढची झाडं मी वहीच्या समासात रेघा मारून मोजली, चार उभ्या आणि पाचवी आडवी.